समाजशास्त्राचं पहिलं वर्ष: ओळखीच्या शब्दांपासून जरा जपून

दरवर्षी एफवायच्या पहिल्या तासाला मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटते. नाव घालायचं नाही, एकच वाक्य लिहायचं: 'समाज' हा शब्द तुम्ही घरी शेवटचा कधी ऐकलात आणि कोणत्या वाक्यात? मग चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. "समाज काय म्हणेल?" हे ठरलेलंच. "आपल्या समाजातलाच बघ." "समाजाचा हॉल आहे ना, स्वस्तात पडेल." एका वर्षी एकाने लिहिलं होतं, "समाजमंदिरात पाणी शिरलंय, म्हणून बाबा आज घरीच झोपले." दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्यांना ते वाक्य लगेच कळलं. बाकीच्यांना समजावण्यात अर्धा तास गेला, आणि तो वर्षातला माझा सगळ्यात चांगला तास होता.

लोकांची नजर, जात, हॉल असे सगळे अर्थ एकाच शब्दात नांदतात. पुस्तकात त्याचा आणखी एक अर्थ येतो. मराठीतून, किंवा मराठी डोक्याने इंग्रजीतून, समाजशास्त्र शिकणाऱ्याची अडचण इथेच असते. रसायनशास्त्रात 'संयुजा' हा शब्द आला की आपल्याला हा शब्द येत नाही हे आपल्याला माहीत असतं. समाजशास्त्रात 'दर्जा', 'भूमिका', 'संस्था', 'संस्कृती' हे शब्द येतात आणि सगळे आपल्याला येतात असं वाटतं. पेपरात मग तोंडावर आपटायला होतं. मी स्वतः आपटले आहे, त्याचं पुढे सांगते.

हा लेख मुंबईतल्या कॉलेजात यंदा पहिल्यांदा समाजशास्त्र घेणाऱ्यांसाठी आहे. मी गेली काही वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशेबाने, दोन कॉलेजांत शिकवते. त्यामुळे माझं निम्मं समाजशास्त्र रेल्वेत घडतं. त्याचीही छाया खाली दिसेल.

आधी प्रवेशाचं उरकून घ्या

नव्या शैक्षणिक धोरणानंतर विषय तीन दारांनी येतो: मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा विषय) किंवा ओपन इलेक्टिव्ह. कॉमर्स-सायन्सची मुलं बहुतेक तिसऱ्या दाराने येतात, कारण ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतला घ्यायचा असतो. एक क्रेडिट म्हणजे सत्रात साधारण १५ तास शिकवणं, असा ढोबळ हिशेब धरा. चार क्रेडिटचा विषय 'जाता जाता' होईल असं समजू नका. एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोननंतर डिप्लोमा, तीननंतर पदवी आणि चौथ्या वर्षाला ऑनर्स अशी बाहेर पडायची सोय आहे. पण पहिल्या वर्षी बाहेर पडण्याचा विचार करत आत येऊ नये, असं माझं आपलं जुनं मत.

घरचे दोन प्रश्न विचारतील. पहिला, "म्हणजे समाजसेवा करणार का?" नाही. समाजकार्य हा वेगळा, व्यावसायिक अभ्यासक्रम आहे. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ साली सुरू झाली ती समाजकार्याचं शिक्षण देण्यासाठीच. समाजशास्त्र आधी 'हे असं का आहे?' एवढंच विचारतं. दुसरा प्रश्न, "स्कोप काय?" यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला समाजशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, दोन पेपर, मिळून ५०० गुण. एवढं सांगितलं की साधारण शांतता होते. सर्वेक्षण, पत्रकारिता, मनुष्यबळ, संस्थांमधलं संशोधन ही नावं नंतर घ्या.

शब्दांची वही

शंभर पानी वही आणा. प्रत्येक शब्दाला एक पान, पानाचे उभे दोन भाग. डावीकडे तो शब्द घरी, चाळीत, बातम्यांत कसा वापरला जातो ते. उजवीकडे पुस्तक काय म्हणतं ते. डावी बाजू आधी भरायची, आणि अजिबात न लाजता.

आता माझी फजिती. पहिल्या सत्राच्या पेपरात 'सामाजिक संस्थांची वैशिष्ट्ये' असा प्रश्न आला. मी खूश. आमच्या विभागात रक्तदान शिबिरं घेणारी, वह्या वाटणारी चार-पाच मंडळं होती. त्यांची कार्यालयं, अध्यक्ष, देणग्या, सगळं अडीच पानं लिहिलं. वीसपैकी दोन मिळाले, तेही बहुधा अक्षराचे. समाजशास्त्रात सामाजिक संस्था म्हणजे विवाह, कुटुंब, धर्म, शिक्षण, अर्थव्यवस्था: माणसांच्या कायमच्या गरजांभोवती पिढ्यान्‌पिढ्या घट्ट झालेली नियमांची आणि भूमिकांची चौकट. तिला पाटी नसते, अध्यक्ष नसतो, ती रजिस्टर करावी लागत नाही. तुमच्या आईवडिलांचं लग्न ही एक घटना. 'विवाह' ही संस्था. अध्यक्षांसहित असते ती संघटना. हा फरक वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा, कारण मी आजही दर वर्षी मंडळांची वर्णनं तपासते आहे.

'दर्जा' हा शब्दही असाच. घरी दर्जा म्हणजे क्वालिटी: दर्जेदार मिसळ. पुस्तकात दर्जा म्हणजे समाजरचनेतली तुमची जागा, उंच असो की खाली. काही दर्जे जन्माने चिकटतात, म्हणजे अर्पित: मुलगी, थोरली, अमुक जातीची. काही मिळवलेले, म्हणजे अर्जित: पदवीधर, बस कंडक्टर, सासू. सासू अर्जित कशी, यावर वर्गात हशा होतो, पण विचार करून बघा. त्या त्या दर्जाला साजेसं जे वागणं लोक अपेक्षित धरतात, ती भूमिका. नाटकातला अर्थ इथे बराच जवळ आहे, पण 'पक्षाने आपली भूमिका स्पष्ट केली' हा अर्थ सोडून द्या.

'प्रकार्य' हा शब्द मात्र घरी कुणीच वापरत नाही, म्हणून तो मुलांना पटकन येतो. एखाद्या प्रथेचा समाजव्यवस्था टिकवण्यात जो वाटा असतो तो तिचं प्रकार्य. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी त्यात व्यक्त आणि अव्यक्त असा भेद केला. हळदीकुंकू घ्या. व्यक्त प्रकार्य विचाराल तर सण, सौभाग्य, वाण. अव्यक्त? आमच्या चाळीत भिशीची वर्गणी, कुणाच्या मुलीला बघायला आलेत, कुठल्या दवाखान्यातली डॉक्टर बरी, हे सगळं त्या दोन तासांत फिरायचं. आणि दाराशी थांबून आत न येणाऱ्या शेजारच्या विधवा काकू? मर्टनच्या भाषेत ते अपकार्य. काहींना जोडणारी प्रथा त्याच वेळी कुणाला तरी तोडत असते. 'हळदीकुंकवाचे सामाजिक महत्त्व' हा निबंध शाळेत लिहिला असेल, त्यात काकू नव्हत्या. इथे त्या हव्यात.

अर्धा तास, एक डबा

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रमाणके (वागण्याचे नियम), लोकरीती (मोडल्या तर फार तर नाकं मुरडली जातात अशा रोजच्या रीती), लोकनीती (ज्या मोडणं समाज अनैतिक मानतो), सामाजिक नियंत्रण हा भाग येतो. लोकरीती-लोकनीतीचा भेद विल्यम समनर यांच्या १९०६ सालच्या पुस्तकातून रूढ झाला. तो पाठ करायच्या आधी लोकलमध्ये अर्धा तास डोळे उघडे ठेवून प्रवास करा. नियम तीन. फोटो, रेकॉर्डिंग नाही. कुणाचं नाव नाही, ओळखू येईल असं वर्णन नाही. आणि आधी दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नंतर, वेगळ्या रंगाने.

एका विद्यार्थिनीने लेडीज सेकंड क्लासमध्ये उतरवलेल्या ओळी तिच्या परवानगीने देते:

"ठाणे. निळी ओढणी विचारते, कुठे? खिडकीवाली: घाटकोपर. निळी: कुणाला सांगितलंय? खिडकीवाली मानेने दाराकडच्या लाल पर्सकडे दाखवते. निळी पुढच्या बाकाकडे वळते. घाटकोपर. खिडकीवाली उठते. लाल पर्स अजून चार बायकांच्या पलीकडे. जवळच उभी असलेली पांढरी कुर्ती बसते. कुणी काही बोलत नाही. समोरच्या तिघी तिच्याकडे बघतात. 'त्यांना सांगितलं होतं,' एक जण म्हणते, खिडकीबाहेर बघत. पांढरी कुर्ती मोबाईल काढते, परत ठेवते, उठते."

पहिल्या कच्च्या प्रतीत याच्या खाली तिने लिहिलं होतं, "मुंबईच्या बायका सीटसाठी भांडखोर असतात." मी ती ओळ खोडली. भांडण कुठे झालं? तुझ्याच नोंदीत तर एकही आवाज चढलेला नाही. मग ती परत बसली आणि हे काढलं: सीट तिकिटावर नाही, रेल्वेच्या नियमात नाही, तरी 'सांगून ठेवलेली' सीट ही तात्पुरती मालकी आहे. ती विचारण्याच्या क्रमाने मिळते, जवळ उभं असण्याने मिळत नाही. ती मोडली तर शिक्षा म्हणजे नजर, आणि खिडकीबाहेर बघत बोललेलं एक वाक्य. हीच लोकरीती आणि हेच अनौपचारिक नियंत्रण. पांढरी कुर्ती बहुधा त्या गाडीला नवी होती, हे वेगळ्या रंगाने लिहायचं. ते दिसलेलं नाही, ताडलेलं आहे.

हाच धागा पुढे ओढा. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू न देणाऱ्याला टोमणा मिळतो. गर्दीच्या वेळी विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याला मात्र टोमण्यावर सोडत नाहीत, तिथे आवाज आणि कधी हातही चढतो. दोन्ही नियम अलिखितच. मग एकाची शिक्षा इतकी जड का? कुणाचं काय पणाला लागलं आहे? फर्स्ट क्लासमध्ये बिनपासाचा सापडला तर टीसी पावती फाडतो, तो कायदा, औपचारिक नियंत्रण. एका गाडीत अख्खं प्रकरण बसतं, आणि पेपरात हे उदाहरण लिहिणाऱ्याला परीक्षक थांबून वाचतो. मी तरी वाचते.

आजोबांची नोकरी

आमच्या घरी एक गोष्ट ठरलेली होती: आजोबा हट्टी होते म्हणून त्यांची गिरणीतली नोकरी गेली. आजी हे शेवटपर्यंत म्हणायची. एफवायला बाईंनी सी. राइट मिल्स हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ शिकवला. १९५९ सालचं त्याचं म्हणणं साधं आहे: एका माणसाची नोकरी गेली तर त्याचा स्वभाव, त्याचं कौशल्य बघा. एका शहरात हजारोंची गेली तर स्वभाव बघून भागणार नाही, रचना बघावी लागेल. खासगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांना जोडून बघण्याच्या या सवयीला तो समाजशास्त्रीय कल्पनाशक्ती म्हणतो. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. अडीच लाख माणसं एकदम हट्टी होत नसतात. मी हे घरी सांगितलं तेव्हा आजी काही बोलली नाही, ताटातलं निवडत राहिली. आजोबा हट्टी होतेच म्हणा. पण दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात हे मला तेव्हा कळलं.

तुमच्या घरातली अशी एक 'स्वभावामुळे झालं' छापाची गोष्ट शोधा: काकांचं दुकान बंद पडलं, आत्याने शाळा सोडली, गावचं घर विकलं. ती कुठल्या साली झाली आणि त्या सुमाराला शहरात, गावात, धंद्यात काय चाललं होतं, एवढंच एका पानावर लिहा. पहिल्या सत्राच्या प्रोजेक्टला याहून मोठा विषय लागत नाही. 'भारतातील बेरोजगारी: एक अभ्यास' असले विषय घेऊन येणाऱ्यांना मी परत पाठवते.

विचारवंतांचं काय करायचं

ऑगस्ट कॉम्त, मार्क्स, वेबर आणि तो फ्रेंच माणूस, ज्याचं नाव मराठी पुस्तकांत डरखाईम, दुर्खीम, द्यूरकेम असं तीन तऱ्हांनी छापलेलं मिळेल. एक रूप धरा आणि उत्तरपत्रिकेत शेवटपर्यंत तेच लिहा. जन्मसाल आणि ग्रंथांची यादी पाठ करण्यात मुलं आठवडे घालवतात. त्याऐवजी प्रत्येकाला एक प्रश्न लावा. दुर्खीम विचारतो, माणसं एकत्र कशाने राहतात? मार्क्स विचारतो, कष्ट कुणाचे आणि मालकी कुणाची? वेबर विचारतो, करणाऱ्याच्या मनात त्या कृतीचा अर्थ काय? आता गणेशोत्सवाचा मंडप घ्या आणि तिन्ही प्रश्न विचारा. एकत्र राबणारी पोरं, जाहिरातीच्या कमानी आणि वर्गणी, नवसाच्या रांगेत रात्रभर उभी असलेली बाई. तिघांना तीन वेगवेगळे मंडप दिसतील.

मुंबईकरांना एक सोय अशी की हा विषय इथे घरचा आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली निघाला. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस, मूळचे जीवशास्त्राचे, पुढे नगररचनाकार, शहर पायी फिरून समजून घ्यावं या मताचे. १९२४ मध्ये विभाग गो. स. घुर्ये यांच्याकडे आला. जन्म मालवणचा, शिक्षण केंब्रिजपर्यंत, जात आणि वंशावरचं त्यांचं पुस्तक १९३२ चं. भारतीय समाजशास्त्र परिषदही त्यांनीच १९५१ साली उभी केली. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई हे तिघंही त्यांच्या हाताखालचे, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. हा विभाग आज कलिनाला आहे.

यातल्या इरावतीबाईंपासून वाचायला सुरुवात करा, कारण त्या मराठीत लिहितात आणि सुंदर लिहितात. वारीवरचा त्यांचा 'वाटचाल' हा लेख काढा. एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसतात, हे त्यांना सलतं आणि त्या ते लिहून ठेवतात. सहभागी निरीक्षण (लोकांत मिसळून, त्यांच्यासोबत राहून केलेलं निरीक्षण) म्हणजे काय, हे त्या लेखातून व्याख्येपेक्षा लवकर कळेल.

रविवारची पुरवणी

जात हा धडा आला की वर्गात अवघडलेपण येतं. काही जण "आता कुठे राहिलंय तसलं" म्हणतात, काही जण गप्प बसतात, आणि ती शांतता बरंच सांगते. वाद घालण्यापूर्वी मोजायला बसा. डॉ. आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातींवरचा निबंध वाचला, तेव्हा त्यांचं वय पंचविशीचं. जातीचं मर्म त्यांनी अंतर्विवाहात शोधलं: गटातच लग्न करण्याचं बंधन टिकलं की जात टिकते. आता रविवारच्या वर्तमानपत्रातल्या वधू-वर जाहिराती घ्या. सलग पन्नास. निवडायच्या नाहीत, पहिली ते पन्नासावी. किती जाहिरातींत जात-पोटजात सांगितली आहे, किती जाहिरातींत 'जातीची अट नाही' आहे, आणि त्यातल्या किती 'अट नाही'च्या पुढे कंसात कुणाला तरी 'क्षमस्व' म्हटलेलं आहे? आकडा मी सांगत नाही, तुमचा तुम्ही काढा. मात्र एक लक्षात ठेवा: जाहिरात देणारे म्हणजे सगळा महाराष्ट्र नव्हे. निष्कर्षात हे वाक्य लिहिलंत तर संशोधनपद्धतीचा पहिला धडाही इथेच झाला.

पुस्तकं, भाषा, पेपर

अकरावी-बारावीला विषय नव्हता? हरकत नाही. बालभारतीची समाजशास्त्राची पुस्तकं मराठीत, फुकट, पीडीएफमध्ये मिळतात. पहिल्या दोन आठवड्यांत तीच वाचा. संकल्पना अडली तर मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर नोंद बघा. भाषा थोडी जड आहे, पण नोंद गाइडपेक्षा भरवशाची. झेरॉक्सवाल्याकडच्या नोट्स मी वाचू नका म्हणणार नाही, सगळेच वाचतात. पण त्यातली उदाहरणं वाचू नका. ग्रामीण आणि शहरी समाजातला फरक सांगताना 'गावात लोक प्रेमळ असतात आणि शहरात शेजारी ओळखत नाहीत' हे वाक्य मी हजार वेळा तपासलं आहे. चाळीत वाढलेली मुलंही ते निमूट उतरवतात.

मुंबई विद्यापीठाचे कला शाखेचे पेपर मराठीत लिहिता येतात. तास इंग्रजीत होत असला तर शब्दांच्या वहीत दोन्ही भाषांतला शब्द देवनागरीत लिहून ठेवा: स्तरीकरण, स्ट्रॅटिफिकेशन. अर्धा पेपर मराठी, अर्धा इंग्रजी असं करू नका. हजेरी ७५ टक्के लागते. नोकरी करून शिकणाऱ्यांनी हे पहिल्याच आठवड्यात शिक्षकांशी बोलून घ्यावं, सत्राच्या शेवटी डोळ्यांत पाणी आणून नाही.

उत्तर लिहिताना आधी व्याख्या स्वतःच्या शब्दांत, मग वैशिष्ट्यं, मग एक नेमकं उदाहरण, मग 'या मांडणीत काय सुटतं' असा एक परिच्छेद. शेवटचा बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि गुण तिथेच असतात.

वही सांभाळा

एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका गावात राहून क्षेत्रकार्य केलं. त्या टिपणांवर संस्कार करण्यात पुढची अठरा वर्षं गेली. २४ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेत, स्टॅनफर्ड इथे, ते ज्या केंद्रात लिहायला बसले होते तिथे जाळपोळ झाली. तयार टिपणांच्या प्रती तीन होत्या आणि तिन्ही त्याच खोलीत होत्या. शेवटी त्यांनी गाव आठवून आठवून लिहिलं. 'द रिमेंबर्ड व्हिलेज' हे ते पुस्तक, १९७६ चं.

तुमची स्मरणशक्ती श्रीनिवासांइतकी असेलही. तरी वहीचं पान भरलं की त्याच दिवशी फोटो काढून स्वतःच्या मेलवर पाठवा. जून ते सप्टेंबर वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पेनही शाईचं नको, बॉलपेन बरं. मागच्या पावसाळ्यात सबमिशनला आलेल्या एका वहीत 'कुटुंब' पुसलं जाऊन नुसतं 'संस्था' उरलं होतं.